जुन्या शॉकअपचा जीर्णोद्धार

नव्वदच्या दशकातली, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली माउंटन बाइक आज विकायला निघते तेव्हा तिचं वर्णन बहुधा एकसारखंच असतं. फ्रेम धडधाकट, रंग दोन-चार ठिकाणी उडालेला, गिअरमध्ये वाळून घट्ट झालेलं ग्रीस, आणि शॉकअप गेलेला. तिची मूळ किंमत ऐकून डोळे पांढरे व्हावेत आणि आताची ऐकून दया यावी. घेणारा हौसेने घेतो, घरी आणतो, धुऊन पुसून उभी करतो. खरा प्रश्न त्यानंतरचा. हिचा जीर्णोद्धार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

शॉकअप नसलेल्या जुन्या सायकलीला हा प्रश्न फारसा छळत नाही. १९८१ची स्पेशलाइज्ड स्टम्पजम्पर घ्या. स्टीलची फ्रेम, कोन-कटोऱ्या, छर्रे, केबली. छर्रे आजही त्याच मापाचे मिळतात, चाकांचा आउट काढता येतो, वाकलेली नळी सरळ करता येते. चाळीस वर्षांत तिच्यात असं फारसं काही मरत नाही की ज्याला पर्यायच नाही. फुल-सस्पेन्शन सायकलीत मात्र निरनिराळ्या आयुष्याचे पदार्थ एकत्र कोंडलेले असतात: अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, स्टीलची स्प्रिंग, नायट्राइल रबराचे सील, युरेथेनचे गोळे, तेल, दाबाखालचा नायट्रोजन, कधी कार्बन आणि त्याला धरून ठेवणारा गोंद. प्रत्येकाचं मरण वेगळ्या कारणाने येतं आणि वेगळ्या वर्षी येतं. त्यामुळे सगळी सायकल एकाच तारखेच्या अवस्थेत परत नेणं जवळजवळ अशक्य असतं.

या विषयात दोन पंथ आहेत. एकाला प्रत्येक बोल्ट मूळचा हवा, दुसऱ्याला सायकल डोंगरावर न्यायची आहे. माझा कल दुसरीकडे आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. या सायकली घडवणाऱ्यांनी आपली सगळी अक्कल चाक वर कसं जाईल आणि खाली कसं येईल, एवढ्यावरच खर्च केली होती. ते चाक हलत नसेल तर स्टिकरपासून पॅडलपर्यंत सगळं मूळचं असूनही मूळ गोष्ट हरवलेली असते. म्हणून आतले मेलेले भाग नव्याने करून घालणं याला मी तडजोड मानत नाही. मात्र याला एक मोठी अट आहे, ती अ‍ॅल्युमिनियमची. तिच्याकडे पुढे येतो.

दहा वर्षांची प्रयोगशाळा

सायकलीला स्प्रिंग लावायची कल्पना माउंटन बाइकच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची. १८८५ मध्ये इंग्लंडात लिन्ली अँड बिग्ज यांची ‘व्हिपेट’ आली. तिची फ्रेमच स्प्रिंगवर डोलायची. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलपचा हवेचा टायर आला आणि रस्त्यावरच्या सायकलीला स्प्रिंगची गरजच उरली नाही. अधूनमधून कोणीतरी प्रयत्न करत राहिलं. १९६२ची अ‍ॅलेक्स मोल्टनची छोट्या चाकांची सायकल हा त्यातला सर्वांत यशस्वी. तिच्या सस्पेन्शनमध्ये रबर होतं.

कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत १९७०च्या दशकात गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून पळवू लागली, तेव्हा शॉकअपचं काम हातापायांचे सांधेच करत होते. खरा शॉकअप आला १९८९ मध्ये. मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने स्टीव्ह सायमन्सबरोबर रॉकशॉक्स ही कंपनी काढली. तिचा पहिला चिमटा (फोर्क) आरएस-१ हवा आणि तेलावर चालायचा आणि त्याची चाल पाच सेंटिमीटरही नव्हती. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथली उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने असाच चिमटा लावून जिंकली आणि ‘असलं काही लागत नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज बसला. त्याच सुमारास कोलोरॅडोतच, मॅनिटू स्प्रिंग्ज या गावात, डग ब्रॅडबरी तेल आणि हवेची भानगडच टाळून युरेथेनच्या गोळ्यांवर चालणारा चिमटा बनवत होता. पुढचं सगळं दशक या दोन वाटांनी गेलं. आज सायकल दुरुस्त करायला घेणाऱ्याच्या नशिबात काय वाढून ठेवलंय, हेही तिची वाट कोणती यावरच ठरतं.

पुढचं चाक हलवणं तुलनेने सोपं. मागच्याला साखळी असते. पॅडल मारलं की साखळी ताणली जाते, ती मागचा हात ओढते, आणि चढावर प्रत्येक पॅडलला सायकल खालीवर डुलायला लागते. यावर जितकी डोकी तितके तोडगे निघाले. मूळचा ऑस्ट्रियाचा, मोटरसायकलवाला हॉर्स्ट लाइटनर याने मागच्या एक्सलच्या जरा पुढे, साखळीलगतच्या नळीतच एक सांधा टाकला. ‘हॉर्स्ट लिंक’ म्हणून गाजलेली हीच रचना स्पेशलाइज्डने १९९३ पासून एफएसआर मालिकेत वापरली आणि १९९८ मध्ये तिचं पेटंटच विकत घेतलं. मर्ट लॉविल हा १९६९चा अमेरिकन मोटरसायकल विजेता. त्याने गॅरी फिशरसाठी चार सांध्यांची मागची जुळणी केली. जीटीने आधी आरटीएस आणि मग एलटीएस काढली. कॅननडेलच्या सुपर व्हीमध्ये एकच मोठा सांधा होता. रॉबर्ट राइसिंगरच्या माउंटन सायकल कंपनीची सॅन अँड्रियास १९९१ मध्ये आली तीच मुळी नळ्यांशिवाय, दाबून घडवलेले पत्रे जोडून केलेल्या पोकळ फ्रेमची, आणि माउंटन बाइकवर डिस्क ब्रेक दिसतही नसत त्या काळात डिस्क ब्रेक घेऊन. ट्रेकची वाय मालिका १९९५ची, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची कार्बनची फ्रेम. पोस्टरवर तिच्याइतकी देखणी दुसरी कोणी नव्हती.

ट्रेक वाय, क्लाइन मँट्रा, आयबिस साझ्बो, फिशर जोशुआ या सगळ्या एका कुळातल्या. या कुळात पॅडलचा बॉटम ब्रॅकेट मागच्या हलणाऱ्या भागावरच बसवलेला असतो. त्यामुळे साखळीची लांबी कधी बदलत नाही आणि तिच्या ओढीने होणारं डुलणं टळतं. कागदावर हे सुंदर आहे. अडचण अशी की स्वार पॅडलवर उभा राहिला की त्याचं वजन थेट हलणाऱ्या भागावर पडतं आणि सस्पेन्शन कडक होतं. उतारावर, खडकांत, जिथे त्याची खरी गरज, तिथे तर माणूस उभाच असतो. दशक संपेपर्यंत हे कूळ जवळजवळ संपलं. जीर्णोद्धार करणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की अशी सायकल उभं राहिल्यावर कडक होते तो बिघाड नाही, स्वभाव आहे. नवे सील घालून, पातळ तेल भरून तो जात नाही. दुरुस्त करताना आजच्या सायकलीशी तुलना करत बसलं की अशा निष्पाप भागांवर पैसे उधळले जातात.

रबराचं मरण

दुरुस्तीत सर्वांत जास्त डोकं खाणारा पदार्थ म्हणजे इलास्टोमर. बारीक बुडबुड्यांचं युरेथेन, छोट्या डब्यांच्या आकाराचं, चिमट्याच्या नळीत एकावर एक रचलेलं. रंगावरून त्याचा कडकपणा ओळखायचा. जड माणसाने कडक रंग घालायचा, हलक्याने मऊ. ना सील, ना तेल, ना पंप. वजन कमी, खर्च कमी. मॅनिटूचे सुरुवातीचे चिमटे, प्रोफ्लेक्सचा मागचा शॉक, १९९५ची पहिली रॉकशॉक्स ज्युडी, सगळे त्याच्याच जिवावर. त्या काळच्या मासिकांत याच्या साधेपणाचं केवढं कौतुक असे! थंडीत ते दगडासारखं होतं ही तक्रार तेव्हाही होती, पण कॅलिफोर्नियात थंडी पडते किती?

आज असा चिमटा उघडला की आत पिवळट, चिकट, डांबरासारखा लगदा सापडतो. नाहीतर हात लावताच भुगा होणारे तुकडे. याचं कारण वापर नव्हे, दमटपणा. पॉलिएस्टर जातीचं युरेथेन हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातं. उष्ण आणि दमट हवेत ते लवकर तुटतं. कपाटात जपून ठेवलेल्या स्पोर्ट्स शूजचा तळवा एक दिवस चालता चालता गळून पडतो, त्यामागचं रसायन हेच. म्हणजे मुंबई, कोकण, गोवा ही अशा सायकलीला ठेवायला सर्वांत वाईट ठिकाणं. इथे तिला नुसतं झाकून ठेवण्यापेक्षा चिमटा आधीच उघडून साफ करून ठेवलेला बरा.

यावर उपाय तीन. पहिला, ‘पाकिटातला जुना माल’: त्या काळी न विकलेले, सीलबंद इलास्टोमर शोधून आणायचे. मूळपणाच्या भक्तांना हा मार्ग प्रिय आहे, पण ओलावा पाकिटातही पोचतो आणि तीस वर्षं त्यालाही झालेलीच असतात. दिसायला नवा, दाबला की तडकणारा माल चढ्या भावाने घेणं हा भाबडेपणा आहे. दुसरा उपाय म्हणजे नवीन ओतून किंवा कातून घेणं. यात एक खोच आहे. औद्योगिक दुकानात मिळणारा पीयू रॉड ठोक असतो. तो दाबला की आकसत नाही, बाजूला फुगतो. जुन्या इलास्टोमरच्या पोटात बुडबुडे होते म्हणून तो जागच्या जागी आकसायचा. ठोक रॉडचे तुकडे अरुंद नळीत घातले की ते फुगून नळीला घट्ट धरतात आणि चिमटा अर्ध्यातच अडतो. घ्यायचंच तर बुडबुड्यांचं आणि पॉलिईथर जातीचं युरेथेन घ्यावं. ते ओलाव्याला बऱ्यापैकी दाद देत नाही.

तिसरा उपाय मला सर्वांत पटतो: इलास्टोमर काढून स्टीलची स्प्रिंग घालायची. स्प्रिंग ओलाव्याने मरत नाही. मोजमाप देऊन स्प्रिंग वळून देणारे कारखाने कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सापडतात. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वळ्यांची संख्या आणि मोकळी लांबी एवढं नीट सांगता आलं की झालं. पण इलास्टोमर स्वतःच थोडी ऊर्जा जिरवायचा, ते स्प्रिंग करत नाही. आपल्याकडच्या स्वस्त ‘डबल शॉकर’ सायकली आठवा. खड्ड्यातून गेलं की सीट वर येऊन ढकलते, आणि पुन्हा ढकलते. तिथे स्प्रिंग असते, डॅम्पिंग नसतं. मराठी वाचकाची शॉकअपशी पहिली ओळख बहुतेक वेळा याच डुलण्यातून झालेली असते, आणि शॉकअप म्हणजे वजन वाढवणारी शोभा, हा ग्रहही तिथलाच. स्प्रिंग घालायची असेल तर तिला आवरणारं तेलाचं डॅम्पर चालू हवं. ज्युडीमध्ये नेमका तोच भाग कच्चा होता. तिच्या तेलाचं कार्ट्रिज प्लॅस्टिकच्या अंगाचं, गळण्यासाठी कुप्रसिद्ध. त्यामुळे तेव्हाच बाहेरच्या कारागिरांनी अ‍ॅल्युमिनियमची कार्ट्रिज आणि हवेचे संच बनवून विकले, आणि आज पिवळ्या ज्युडी एसएलमध्ये मूळ कार्ट्रिजपेक्षा हे बदलीचे भाग सापडले तर नशीब समजायचं.

या सगळ्या पसाऱ्यात मार्झोक्कीचा १९९७चा बॉम्बर झेड-१ वेगळा उठून दिसतो. इटलीतली ही कंपनी मूळची मोटरसायकलवाली. तिने सरळ मोटरसायकलचाच मार्ग घेतला: लांब स्टीलच्या स्प्रिंगा आणि उघड्या तेलात बुडालेलं सगळं यंत्र. वजनाने जड, रंगाने भडक नारिंगी, चाल शंभर मिलिमीटर. सील आणि तेल बदललं की तो पुन्हा चालायला लागतो, कारण त्यात काळाने खाण्यासारखं फारसं काही ठेवलेलंच नाही.

तेल, हवा आणि थोडी भीती

मागच्या शॉकमध्ये एक पिस्टन तेलातून फिरतो. पिस्टनवरच्या पातळ चकत्या तेलाची वाट अडवतात आणि चाल आवरतात. दांडा आत शिरला की तेलाला मागे सरायला जागा लागते, म्हणून एका तरंगत्या पिस्टनपलीकडे दाबाखालचा नायट्रोजन भरलेला असतो. तो दाब गेला की तेलात फेस होतो, शॉक दाबताना पचपच आवाज येतो आणि डॅम्पिंग एखाद्या इंचापुरतं नाहीसं होतं. विकणारा ‘थोडा आवाज येतो, बाकी चालतो’ म्हणतो तो हाच.

इथे घाई करणं धोक्याचं आहे. नायट्रोजनच्या कप्प्यात दीडशे पीएसआयपासून तीनशेच्याही वर दाब असू शकतो. तो आधी सोडल्याशिवाय कुठलाही टोप फिरवायचा नाही. हवेच्या शॉकमध्ये आणखी एक सापळा असतो. हवा सोडल्यावर शॉक आकसलेलाच राहिला, ओढूनही वर आला नाही, तर समजावं की दाब आतल्या दुसऱ्या कप्प्यात अडकलाय. असा शॉक घरी उघडू नये; बाहेरचा डबा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

सीलांची गोष्ट त्या मानाने सोपी आहे आणि इथे आपल्याकडच्या माणसाला एक फायदाही आहे. मूळ कंपनीचा सीलसंच मिळत नाही म्हणून हताश व्हायचं कारण नसतं, कारण ओ-रिंगला कंपनी नसते, माप असतं: आतला व्यास आणि दोरीची जाडी. जुनी रिंग ताणलेली-दबलेली असल्याने ती मोजण्यापेक्षा खाच मोजावी. भोसरी, सातपूर, वागळे इस्टेट असल्या वसाहतींच्या आसपास हायड्रॉलिक सीलची दुकानं असतात. तिथे नायट्राइलच्या रिंगा कडकपणासकट मागता येतात. सरकत्या पिस्टनसाठी सत्तर शोअर ही नेहमीची पसंती. एका शॉकच्या सगळ्या रिंगांना परदेशातून मागवलेल्या एका बोल्टाएवढेही पैसे पडत नाहीत. सीलच्या जागी दांड्यावर खोल चरा असेल तर मात्र कितीही नवी रिंग घाला, तेल येणारच. मग दांडा घासून पुन्हा क्रोम करणं किंवा नवा कातणं एवढंच उरतं.

तेलाबाबत एक गैरसमज फार रुजलेला आहे. डब्यावरचा पाच, दहा, पंधरा हा ‘वेट’चा आकडा दोन कंपन्यांचा सारखा नसतो. तुलना करायची तर चाळीस अंश सेल्सिअसला मोजलेली सेंटिस्टोक्समधली चिकटाई पाहावी. गळतंय म्हणून जाड तेल घालणं हा अगदीच चुकीचा इलाज. शॉक हळू परत येतो आणि लागोपाठच्या दणक्यांत खालीच बसून राहतो. ब्रेक ऑइल तर अजिबात नको, नायट्राइल त्यात फुगून खराब होतं.

मूळ शॉक वाचतच नसेल तर दुसरा घालायचा. त्यासाठी दोन मापं लागतात: दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर आणि दांड्याची चाल. जुन्या सायकलींत १६५ बाय ३८, १९० बाय ५०, २०० बाय ५७ मिलिमीटर ही मापं वारंवार भेटतात, कारण ती मुळात इंचांतली आहेत. २०१६ पासून उद्योगाने २१० बाय ५०, २३० बाय ६० अशी नवी मालिका आणली आणि जुन्या मापांचा नवा माल आटत चालला. मापात थोडं पुढेमागे चालेल असं वाटतं, पण चालत नाही. मागच्या चाकाची चाल शॉकच्या चालीच्या अडीच-तीनपट असते. शॉक दहा मिलिमीटर लांब घातला तर मागचा भाग पंचवीस-तीस मिलिमीटर उचलला जातो आणि सायकल नाकावर येते. चाल जास्त असेल तर तळाला जाताना टायर सीटच्या नळीवर आदळतो. म्हणून नवा शॉक लावल्यावर स्प्रिंग काढून किंवा हवा सोडून चाक हाताने शेवटापर्यंत वर ढकलून पाहणं, ही तपासणी कधीही टाळू नये.

बुश, बेअरिंग आणि लेथवाला

सांध्यांमध्ये दोन जाती आहेत: बेअरिंग असलेल्या आणि बुश असलेल्या. बेअरिंगवर आकडा कोरलेला असतो, ६०८ किंवा ६९०२ असा. तोच आकडा घेऊन कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात गेलं की विषय संपला. बुशची कथा लांबते. अनेक कंपन्यांनी स्वतःच्या मापाचे प्लॅस्टिकचे किंवा ब्राँझचे बुश घातले आणि दोन-तीन वर्षांत मॉडेल बंद केलं. बुश झिजला की सांधा ढिला पडतो, ढिला सांधा भोक लंबगोल करतो, आणि मग बदलायचा भाग बुश न राहता फ्रेम होते.

बुश कातून देणारा लेथवाला हा या सगळ्या खटपटीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस. गनमेटलचा बुश तो अर्ध्या तासात देतो. त्याला फक्त जुना तुकडा न देता दांड्याचं आणि भोकाचं माप द्यावं, आणि बसवल्यावर रीमर मारायची जागा ठेवायला सांगावं, कारण दाबून बसवलेला बुश आतून किंचित आवळतो. शॉकच्या दोन्ही डोळ्यांतले बुश बहुतेक वेळा अर्ध्या इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे असतात. ते तयार मिळतात, पण त्यांच्या बाजूचे स्पेसर फ्रेमप्रमाणे बदलतात आणि ते पुन्हा त्याच लेथवर करून घ्यावे लागतात.

कॅननडेलचा हेडशॉक मात्र लेथवाल्याच्या आवाक्याबाहेर. तिथे चिमट्याचे दोन पाय हलतच नाहीत. हॅण्डलखालच्या जाड नळीत चौकोनी दांडा अठ्ठ्याऐंशी निडल बेअरिंगवर सरकतो. रचना म्हणून ती मला त्या दशकातली सर्वांत देखणी वाटते. कडक, अचूक, आणि तिच्या खास हत्यारांशिवाय हात न लावण्यासारखी. ती मेली तर रिड्यूसर घालून साधा दीड-दोन बोटं जाडीच्या नळीचा चिमटा बसवता येतो. सायकल चालते, पण तिचं नाक गेलेलं असतं.

अ‍ॅल्युमिनियमची अट

आता ती अट. स्टीलवर ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते कितीही वेळा वाकून परत येऊ शकतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही. प्रत्येक दणका त्याच्या खात्यातून काहीतरी वजा करतो, आणि शिल्लक बाहेरून दिसत नाही. नव्वदच्या दशकातल्या पातळ, हलक्या, उतारांवर आपटलेल्या फ्रेमच्या बाबतीत हे पुस्तकी वाक्य राहत नाही. हॅण्डलच्या नळीचा खालचा जोड, शॉकचे पाय, सांध्यांच्या भोवतालचे वेल्ड, मागच्या हाताचं वळण, सीटच्या नळीची वरची चीर, या जागा स्वच्छ करून, तिरपा प्रकाश टाकून, नखाने चाचपून पाहाव्यात. रंगावरची केसासारखी रेघ रंगाची आहे की धातूची, हे ठरत नसेल तर डाय पेनिट्रंट मारून घ्यावं. वेल्डिंग तपासणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ती फवारणी असते.

पेनिट्रंटची ही तपासणी रंग काढण्याआधी नव्हे, काढल्यानंतर आणि वाळूचा मारा न करता करायची. वाळूच्या माऱ्याने बारीक चीर दबून झाकली जाते. बेअरिंगच्या जागाही घासल्या जातात. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते. वेल्ड केलेल्या अ‍ॅल्युमिनियमला ती उष्णता थोडा वेळ सोसते, पण गोंदाने जोडलेल्या नळ्या आणि ट्रेक वायसारख्या कार्बनच्या फ्रेम भट्टीत घालणं म्हणजे त्या संपवणं. कार्बनला रंग काढायचं रसायनही लावू नये; ते रंगाबरोबर रेझिनही खातं.

चीर सापडली तर? ‘टिगने जोडून देतो’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक शहरात भेटतो, आणि त्याचं वेल्ड दिसायला छानही असतं. पण ६०६१ अ‍ॅल्युमिनियमला ताकद येते ती उष्णतेच्या प्रक्रियेतून, आणि वेल्डच्या आजूबाजूची ती ताकद वेल्ड करतानाच जाते. सबंध फ्रेमवर पुन्हा प्रक्रिया केल्याशिवाय तो जोड पहिल्यापेक्षा कमजोर राहतो. म्हणून फ्रेम चिरलेली असेल तर माझं वरचं सगळं म्हणणं मी मागे घेतो. तिला हलवू नका, भिंतीवर लावा. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्समध्ये २०१५ पासून मॅरिन म्युझियम ऑफ बायसिक्लिंग आहे, माउंटन बाइक हॉल ऑफ फेमचं घरही तेच. बे एरियातल्या मराठी माणसाला ते सुट्टीच्या फेरीच्या अंतरावर आहे. तिथल्या सायकलींना कुणी डोंगर उतरायला लावत नाही, आणि त्यात त्यांचा काही अपमानही नाही.

नवा चिमटा लावायचा मोह

फ्रेम धड आहे, जुना चिमटा मात्र मेलाय, तेव्हा आजचा लांब चालीचा चिमटा लावून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. नळी जुळत नाही, इथेच बऱ्याच वेळा देव वाचवतो: जुन्या फ्रेमला एक इंची किंवा सव्वा इंचाच्या आतबाहेरची सरळ नळी लागते, आजच्या चिमट्यांची नळी खाली रुंद होत जाते. जुळली तरी उंचीचा प्रश्न उरतो. चिमटा साधारण वीस मिलिमीटर उंच झाला की हॅण्डलचा कोन एका अंशाने पडतो. ६३ किंवा ८० मिलिमीटर चालीसाठी आखलेल्या फ्रेमला १२० चा चिमटा लावला की सायकल वळणांवर सुस्त होते, बॉटम ब्रॅकेट वर जातो, आणि हॅण्डलच्या नळीच्या त्याच जोडावर, जिथे आपण चीर शोधत होतो, जास्त लांब तरफेने जोर पडू लागतो. मूळ उंचीच्या जवळपासचा, २६ इंची चाकांचा, व्ही-ब्रेकच्या खुंट्या असलेला चिमटा शोधावा. तो नवा कमी मिळतो, वापरलेला मिळतो.

बाकीचे भाग तुलनेने कमी त्रास देतात. सात आणि आठ गिअरच्या साखळ्या, कॅसेट अजून बनतात. व्ही-ब्रेकचे पॅड कोपऱ्यावरच्या दुकानात असतात. २६ इंची चांगल्या टायरची निवड आकसलीय, पण टायर संपलेले नाहीत. सीटचा दांडा फ्रेममध्ये गंजून चिकटला असेल तर तो प्रकार आठवडाभर पुरतो, एवढी मात्र मनाची तयारी ठेवावी.

पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्याने सायकल निवडताना ब्रँडपेक्षा तीन गोष्टी बघाव्यात: मागचा शॉक दोन सरळ बोल्टांनी बसतोय आणि त्याचं माप वर सांगितलेल्या, वारंवार भेटणाऱ्या मापांतलं आहे का, सांध्यांत आकडा कोरलेली बेअरिंग आहेत का, आणि पुढच्या नळीचं माप सर्वसाधारण आहे का. या तिन्हींना होकार असेल तर रंग कसाही असला तरी ती घ्यावी. इलास्टोमरवाली, स्वतःच्याच मापाच्या बुशांची सायकल दुसऱ्या खेपेला. उभी झाल्यावर स्वार बसलेला असताना मागचा शॉक चालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत खाली बसेल अशी स्प्रिंग किंवा हवा ठेवावी. या जुन्या, आखूड चालीच्या सायकलींना आजच्याइतकं खाली बसवलं की त्या प्रत्येक दगडाला तळाला लागतात. पहिली फेरी सपाट रस्त्यावर, पाना खिशात ठेवून. नवा बुश पहिल्या काही किलोमीटरांत जागा धरतो आणि सांध्याचा बोल्ट थोडा ढिला पडतो, तो परत आवळावा लागतो.